डोळे मिचकावणं, हात फडफडवणं : टुरेट आणि ऑटिझम घरात कसं ओळखायचं, कसं सांभाळायचं

सात वर्षांचा मुलगा अभ्यासाला बसलाय. दर अर्ध्या मिनिटाला दोन्ही डोळे घट्ट मिटतो, नाक मुरडतो, मग घशातून 'ह्म्' असा बारीक आवाज. आई म्हणते, "पुरे कर ते." तो थांबतो. मान ताठ होते, पेन्सिल दाबली जाते, ओळीवरची अक्षरं खाली घसरतात; आणि दहा-पंधरा सेकंदांनी डोळे लागोपाठ तीनदा मिटतात. शेजारच्या घरात तीन वर्षांची मुलगी पंख्याखाली उभी आहे. नजर पात्यांवर, चेहऱ्यावर हसू, आणि दोन्ही हात मनगटापासून भराभर फडफडतायत. तिलाही कुणीतरी म्हणतं, "पुरे."

मुलाची ती टिक आहे. मुलीचं ते आनंदानं किंवा स्वतःला सावरण्यासाठी केलेलं हालणं आहे. दोन्हींत मुद्दामपणा नाही, आणि 'पुरे कर'चा दोन्हीकडे काडीचा उपयोग नाही. हालचाल कशानं होते आणि ती झाल्यावर मुलाला काय मिळतं, एवढं कळलं की घरात काय करायचं, शाळेला काय सांगायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं हे ठरवणं सोपं होतं. म्हणून सुरुवात बघण्यापासून करू.

टिक कशी ओळखायची

टिक म्हणजे अचानक, झटक्यात होणारी, पुन्हापुन्हा येणारी हालचाल किंवा आवाज. साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होते, आणि बहुतेकांत सुरुवात डोळ्यांपासून. मग नाक, तोंड, मान, खांदे असा प्रवास खाली सरकतो. आवाजाच्या टिका थोड्या मागून येतात : नाक ओढणं, घसा खाकरणं, खोकल्यासारखा आवाज. त्यामुळे पहिले सहा महिने बहुतेक घरं चुकीच्या दवाखान्यात जातात. डोळे मिचकावतो म्हणून डोळ्यांचे थेंब, घसा खाकरतो म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. डोळे तपासून घेणं चुकीचं नाही. तपासणी साफ आली तरी थेंब चालूच ठेवणं चुकीचं.

टिकेच्या चार खुणा लक्षात ठेवा. पहिली, ती बदलते : गेल्या महिन्यात डोळे, या महिन्यात खांदा. दुसरी, तिला भरती-ओहोटी असते. काही आठवडे जोर, मग काही आठवडे जवळजवळ काहीच नाही. 'औषध लागू पडलं' किंवा 'दिष्ट काढली आणि गेलं' असं वाटतं ते बऱ्याचदा या ओहोटीमुळे. तिसरी, मूल ती थोडा वेळ दाबू शकतं, पण त्यात त्याचं सगळं लक्ष खर्च होतं. शाळेत सहा तास दाबून ठेवलेलं घरी आल्यावर मोकळं सुटतं, म्हणून बाई म्हणतात 'वर्गात काही नसतं' आणि आई म्हणते 'घरी थांबतच नाही'. दोघीही खरं बोलत असतात. चौथी, आठ-दहा वर्षांनंतर बरीच मुलं सांगू शकतात की टिकेच्या आधी तिथे काहीतरी साठतं : खाज, दाब, शिंक अडकल्यासारखं. टिक झाली की सुटल्यासारखं वाटतं. ही आधीची ओढ पुढे उपचारात फार कामाची आहे, म्हणून ती मुलाच्या शब्दांत लिहून ठेवा.

हालचालीच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक टिक कधी ना कधी झाली असेल, पहिल्या टिकेपासून वर्ष उलटलं असेल आणि सुरुवात अठराच्या आत झाली असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसायला हवेत असं नाही. वर्ष व्हायच्या आत असेल तर डॉक्टर 'तात्पुरत्या टिका' म्हणतील, आणि पुष्कळ मुलांत त्या तिथेच विरतात. नाव ज्यांच्यावरून पडलं त्या झॉर्झ झील द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं होतं. सिनेमांत दाखवतात तशा शिव्या तोंडातून निसटणं हे दहापैकी एखाद्यातच दिसतं. 'शिव्या देत नाही, म्हणजे टुरेट नाही' हा निष्कर्ष काढू नका. मुलींपेक्षा मुलांत टुरेट तीन-चार पट जास्त आढळतं. जोर सर्वांत जास्त असतो दहा ते बारा वर्षांच्या आसपास, आणि किशोरवय संपेपर्यंत बहुतेकांचा तो बराच उतरतो. पाचवी-सहावीतल्या मुलाच्या आईला हे आधी सांगायला हवं, कारण ती नेमकी शिखरावर उभी असते आणि तिला वाटतं की हे असंच वाढत जाणार.

ऑटिझम कसा दिसतो

मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झालाय, पण तो थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं मूल स्वतःतच रमलंय, त्याला कुणी नकोच. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना माणसं हवी असतात. माणसांशी जुळवून घेण्याची रीत इतरांना न शिकवताच येते, ती त्यांना तशी येत नाही, एवढंच. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरून हे वर्णन केलं. आता पूर्वीचे वेगवेगळे शिक्के, अस्पर्गर धरून, एकाच 'ऑटिझम स्पेक्ट्रम'खाली येतात.

पाहायचं असतं दोन बाजूंनी. एक, देवाणघेवाण : नाव हाकारल्यावर वळणं, बोट दाखवणं, आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवायला आणणं, हावभाव, बोलण्यातली पाळी. दोन, तेच-तेच करणं आणि ज्ञानेंद्रियांचं वेगळेपण : ठरलेला रस्ता बदलला की आकांत, गाड्यांची फक्त चाकं फिरवणं, एकाच विषयाचा ध्यास, पदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्यानं कान झाकणं आणि मिक्सरजवळ मात्र कान लावून बसणं. दोन्ही बाजू असल्या तरच ऑटिझमचा विचार होतो. नुसतं उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नाही, आणि नुसता लाजाळूपणाही नाही.

वाट न पाहण्याच्या खुणा अशा : बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, टाटा नाही, बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडलेले नाहीत, आणि कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं गेलं. शेवटची खूण दिसली तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. 'आमच्यात मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य गोव्यात इतक्या घरांतून ऐकू येतं की त्याचीच एक साथ म्हणावी.

याला जोडून भाषेचं. घरात आजी कोंकणी बोलते, पुस्तकं मराठी, शाळा इंग्रजी, टीव्ही हिंदी, म्हणून मूल गोंधळलं आणि गप्प झालं, असं सांगितलं जातं. कधी कधी सल्लाही मिळतो की घरात आता फक्त इंग्रजी बोला. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. उलट आईनं स्वतःला न येणाऱ्या भाषेत तुटक बोलायला सुरुवात केली की मुलाशी होणारं बोलणंच आटतं. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता, तीच चालू ठेवा.

हे दुर्मीळ प्रकरण नाही. भारतातल्या पाच भागांत मुलांच्या मेंदूविकासावर मोठी पाहणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाचांत उत्तर गोवाही होता, आणि दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक निघालं. म्हणजे मोठ्या शाळेत तीन-चार मुलं असणारच, कुणी नाव दिलेलं असो वा नसो.

टिक, फडफड, की आणखी काही?

इथे घाई केली की चुकतं, आणि दोन्ही एकाच मुलात असणंही नवल नाही. टुरेट असलेल्यांत ऑटिझम इतरांपेक्षा जास्त दिसतो, ऑटिस्टिक मुलांत टिका जास्त दिसतात.

फडफड, झुलणं, टाचा उचलून चालणं बहुधा तीन वर्षांच्या आत सुरू होतं. ते लयीत असतं, दोन्ही बाजूंनी सारखं, बराच वेळ चालतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि मूल खुशीत किंवा गुंग असताना येतं. हाक मारली, हातात काही दिलं की थांबतं. त्याआधी कसलीही खाज नसते. टिक याच्या उलट : उशिरा सुरू होणारी, झटक्याची, चेहरा-मान-खांद्यावरची, जागा बदलणारी, आणि मुलाला बऱ्याचदा नकोशी.

तिसरा प्रकार सक्तीचा. मूल दाराची कडी चार वेळा हात लावून बघतं आणि विचारलं तर म्हणतं, 'नाही केलं तर आईला काहीतरी होईल.' मागे भीती किंवा नियम असला तर ती टिक नाही, ओसीडी आहे, आणि त्याचा उपचार वेगळा. टुरेटबरोबर ओसीडी आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) इतक्या वेळा येतात की डॉक्टरांनी त्याबद्दल विचारलं नाही तर तुम्ही विचारा. पुष्कळ मुलांना टिकेपेक्षा या जोडीदारांचाच त्रास जास्त असतो.

आता तीन गोष्टी, ज्या टिक समजून घरी ठेवायच्या नाहीत. मूल मध्येच पाच-दहा सेकंद टक लावून राहतं, हाक मारली तरी प्रतिसाद नाही, पापण्या थरथरतात, आणि नंतर त्याला काही आठवत नाही : ही फीट असू शकते, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लागेल. घसा दुखून ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हातपाय वेडेवाकडे, वाहत गेल्यासारखे हलतात, ताट हातातून पडतं, अक्षर एकदम बिघडतं : हा संधिवाताच्या तापाचा कोरिया असू शकतो, आणि त्यात हृदय तपासावंच लागतं. आणि तेरा-पंधराच्या वयात, आधी काही नसताना, एका दिवसात मोठमोठ्या हातवाऱ्यांसह वाक्यं बाहेर पडू लागतात : करोनाच्या काळात समाजमाध्यमांवरचे टिकांचे व्हिडिओ बघणाऱ्या किशोरवयीन मुलींत, जगभर, असं पुष्कळ दिसलं. ते नाटक नसतं, पण टुरेटही नसतं. टुरेट असं एका रात्रीत, मोठ्या हालचालींपासून सुरू होत नाही.

वही आणि मोबाइल

डॉक्टरांसमोर मूल वीस मिनिटं शहाण्यासारखं बसतं आणि टिक येतच नाही. म्हणून दोन आठवड्यांची नोंद न्या. वहीत पाच रकाने आखा : तारीख आणि वेळ, लगेच आधी काय चाललं होतं, नेमकं काय झालं, किती वेळ, आणि नंतर भोवतालच्यांनी काय केलं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात आणि खरी माहिती त्यातच सापडते. 'गृहपाठ काढला – खांदा उडवायला लागला – पप्पा म्हणाले राहू दे आज' असं आठवड्यातून चारदा लिहिलेलं आढळलं, तर गृहपाठाची वेळ टिक वाढवतेय हे कागदावरच दिसतं. यात मुलाचा लबाडपणा नाही. सुटका मिळाल्यानं टिक पक्की होते, त्याला न कळता.

मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे तीन व्हिडिओ पुरेत : जेवताना, खेळताना, अभ्यास करताना. ऑटिझमची शंका असेल तर एक असा घ्या ज्यात तुम्ही मागून नाव हाकारताय, आणि एक ज्यात मुलाला न उघडणारी बरणी दिलीय आणि आत त्याचा आवडता खाऊ आहे. ते तुमच्याकडे बघतं का, बोट दाखवतं का, की तुमचा हात धरून बरणीवर ठेवतं, हे तज्ज्ञाला शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतं. कळत्या मुलाला विचारल्याशिवाय टिकेचा व्हिडिओ काढू नका, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुळीच टाकू नका.

कुणाकडे जायचं

बोलणं उशिरा असेल तर सर्वांत आधी कानाची तपासणी. टाळीला मूल वळतं म्हणून ऐकू येतं असं धरू नका. ओएई किंवा बेरा ही यंत्रानं होणारी कानाची तपासणी करून घ्या. मग सोळा ते तीस महिन्यांच्या मुलासाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाळणी बालरोगतज्ज्ञ भरून घेतात. शून्य ते दोन आलं तर चिंता कमी, तीन ते सात आलं तर पुढचे प्रश्न विचारून खात्री, आठ किंवा जास्त आलं तर थेट तपासणी. ही चाळणी आहे, निदान नाही.

गोव्यात बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याच परिसरातली मानसोपचार संस्था, आयपीएचबी, दोन्ही सरकारी आहेत. शिवाय सेतू आणि संगत या संस्थांचं मुलांच्या विकासातलं काम जुनं आहे. संगतच्या कामाचा एक भाग इथे मुद्दाम सांगायला हवा. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार देणारे तज्ज्ञ थेरपिस्ट नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आईवडिलांचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढत आणि मग तो त्यांच्याबरोबरच बसून बघत. आईवडिलांचा मुलाशी सूर जुळण्यात फरक पडला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. म्हणजे म्हापसा-मडगावला आठवड्यातून दोनदा थेरपीला नेणं जमलं नाही म्हणून काहीच होणार नाही असं नाही. घरातला अर्धा तास मोजला जातो. अचानक रात्री धीर सुटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

टिकेवर घरी काय

पहिला उपाय फुकटचा आणि सर्वांत अवघड : टिकेबद्दल बोलणं बंद. रागानं नाही, काळजीनं नाही, 'आज किती कमी झाल्या' असं कौतुकानंही नाही. टिक सुचवणीला बळी पडते. नाव काढलं की येते. पाहुण्यांना आधीच फोनवर एक वाक्य सांगून ठेवा, म्हणजे ते मुलासमोर 'डोळ्याला काय झालं रे' विचारणार नाहीत.

टिक दुखत असेल, शाळेत अडचण होत असेल किंवा मुलाला स्वतःला नको असेल तरच पुढचं पाऊल. त्याला सीबीआयटी म्हणतात, म्हणजे टिकांसाठीचा वर्तनोपचार. मूळ पद्धत आठ भेटींची, दहा आठवड्यांत. २०१० मध्ये १२६ मुलांवरच्या चाचणीत ती नुसत्या समजावणीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. ही पद्धत शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबर करणं उत्तम. साधारण नऊच्या पुढचं मूल हे चांगलं पेलतं. गाभा असा :

टिकांची यादी मुलाकडून करून घ्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा त्रासाचे गुण त्यालाच द्यायला सांगा. एका वेळी एकच घ्यायची, सर्वांत त्रासाची. पहिला आठवडा फक्त ओळखण्याचा : आरशासमोर ती मुद्दाम, संथ करून बघायची, कुठला स्नायू आधी ताणतो, त्याआधी कुठे काय वाटतं. मग ओढ जाणवली, किंवा टिक नुकतीच झाली, की तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी शांत हालचाल करायची आणि ती एक मिनिट, किंवा ओढ विरेपर्यंत, धरून ठेवायची. मान मागे उडत असेल तर हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हलके ताठ. खांदा उडत असेल तर कोपरं बरगड्यांना लावून खांदे खाली ओढलेले. डोळ्यांसाठी नजर जराशी खाली ठेवून तीन ते पाच सेकंदांनी एकदा, सावकाश, मुद्दाम पापणी मिटायची. तोंडाच्या आवाजासाठी तोंड मिटून नाकानं संथ श्वास. हालचाल अशी हवी की शेजारच्या बाकावरच्याला कळू नये. कळणारी असेल तर मूल ती शाळेत करणारच नाही.

रोज दोन वेळा पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुरे. शाबासकी प्रयत्नाला द्यायची, टिका किती झाल्या याला नाही. फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी : एकदम चार टिका हाती घेतल्या जातात, आईच पोलीस होते आणि जेवताना 'कर, कर' म्हणते, किंवा मूल नुसता श्वास रोखून टिक दाबतं आणि त्यालाच व्यायाम समजतं. श्वास रोखलेला दिसला तर तो दिवस तिथेच सोडा.

मान इतक्या जोरात झटकली जाते की हातापायाला मुंग्या येतात किंवा अशक्तपणा वाटतो, असं मूल म्हणालं तर मात्र वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

ऑटिस्टिक मुलासाठी घर

फडफड सोडून द्या. ती दुखवत नसेल, भाजत नसेल, रक्त काढत नसेल, तर ती थांबवणं हे कुणाच्याच कामाचं नाही. डोकं भिंतीवर आपटणं वेगळं. तिथे उशी मध्ये घाला, आणि आधी दात, कान आणि पोट दुखत नाही ना हे तपासा. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं बऱ्याचदा असं बाहेर येतं. बद्धकोष्ठता तर सर्रास.

मुलानं काही मागावं म्हणून प्रसंग तयार करा. पाव ताटात अख्खा ठेवण्याऐवजी नखाएवढा तुकडा द्या, बाकीचा दिसेल असा हातात ठेवा, आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण तीनवरच बोलून टाकतो, हीच सर्वांत मोठी चूक. नजर आली, हात आला, 'पा' आला, की लगेच पुढचा तुकडा आणि तोच शब्द : 'पाव.' पाच शब्दांचं वाक्य नको. मूल जितके शब्द जोडतं त्याहून एकच जास्त. चित्रकार्ड किंवा टॅबवरचं बोलणं सुरू केलं तर मूल तोंडानं बोलायचं विसरेल ही भीती खोटी आहे. मागता आलं की आरडाओरडा कमी होतो, बोलणं अडत नाही.

दिवसाचा तक्ता पुठ्ठ्यावर करा : चार ते सहा फोटो, तुमच्याच घरातले, वरून खाली, मागे वेल्क्रो. काम झालं की फोटो काढून खालच्या पाकिटात टाकायचा. लहानग्याला 'आधी–मग' हे दोनच चौकोन पुरतात. बदल होणार असेल तर तोही फोटोनं. कदंबा बस चुकली आणि आज रिक्षा, हे तोंडानं सांगून पचत नाही.

जेवणात फक्त पेज आणि पाव, नुस्त्याचा (मासळीचा) वासही नको, असं असेल तर जबरदस्तीनं भरवू नका. नवा पदार्थ ताटात नको, शेजारच्या वाटीत, दहा-पंधरा वेळा, खाण्याची अट न घालता. वजन घटत असेल किंवा पदार्थ पाचाच्या खाली आले असतील तर आहारतज्ज्ञ गाठा.

आवाज आणि विहीर

चवथ, नरकासुराची रात्र, शिगमो, फेस्ताचे फटाके. गोव्याचं वर्षच ढोल-ताशानं मोजलं जातं, आणि घुमट हे वाद्य वाजत असलेल्या खोलीत ऑटिस्टिक मूल म्हणजे उन्हात डोळे सताड उघडून उभं केलेलं माणूस. कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन घ्या (बांधकामावर वापरतात ते स्वस्त पडतात), आणि सणाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तीन आठवडे आधी रोज पाच मिनिटं. मूळ घरी गेलात तर आरतीच्या आधीच एक मागची खोली ठरवा, तिथे त्याची चादर आणि पाण्याची बाटली ठेवा. भडका उडालाच तर बोलणं तोडा, दिवा मंद करा, भोवतीची माणसं बाहेर काढा, जवळ बसून राहा. समजावणं दुसऱ्या दिवशी. मोठी माणसं देवाला गाऱ्हाणं घालतील, कौल लावतील. त्याच्याशी भांडण काढून काही साधत नाही, फक्त तपासणीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

पाण्याबद्दल मात्र कडक राहा. ऑटिस्टिक मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात आणि पुष्कळांना पाणी ओढतं. त्यांच्यात बुडून जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. गोव्यात परसात विहीर, देवळापुढे तळी, शेताच्या कडेला मानस (खाडीचं पाणी अडवायचं फाटक), आणि मग नदी-समुद्र. विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप, दाराला मुलाच्या हाताच्या वर कडी, दार उघडलं की वाजणारी घंटी. शेजाऱ्यांना आणि गाड्यावाल्याला मुलाचा चेहरा माहीत करून द्या. मूल दिसेनासं झालं तर रस्ता नंतर, पाणी आधी बघा. आणि पाच वर्षांच्या आसपास पोहायला शिकवाच.

शाळा आणि बालरथ

शाळेला लांब अहवाल देऊ नका, कुणी वाचत नाही. एक पान द्या : मूल काय करतं, त्यावर काय करू नये, काय केल्यानं बरं वाटतं, आणि तुमचा फोन. टिक असलेल्याला मागच्या किंवा बाजूच्या बाकावर बसवा, म्हणजे सगळ्यांची नजर पाठीवर राहणार नाही. दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची खूण ठरवा. मोठ्यानं वाचायला लावताना आधी विचारा. ऑटिस्टिक मुलाला उलट पंख्याच्या आणि दाराच्या आवाजापासून दूर, ठरलेली एकच जागा. बालरथमधल्या (शाळेच्या बसमधल्या) मदतनीसाला विसरू नका : चिडवणं वर्गात होत नाही, बसमध्ये होतं, आणि तिथे बाई नसतात.

परीक्षेच्या सवलतींचा अर्ज दहावीत नाही, आठवी-नववीतच शाळेमार्फत पर्वरीच्या बोर्डाकडे लावा. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत पात्र मुलांना तासाला किमान २० मिनिटं जास्तीची आहेत. टिका जोरात असतील तर वेगळी खोली मागा; वेळेपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो, कारण शांत खोलीत इतरांना त्रास होईल म्हणून टिक दाबत बसावं लागत नाही.

औषधं आणि भूलथापा

टिकेचं औषध टिक कमी करतं, टुरेट बरं करत नाही. सहसा क्लोनिडिनसारख्या औषधापासून सुरुवात होते. त्यानं झोप येते, रक्तदाब उतरतो, आणि ते एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो. म्हणून फार्मसीत संपायच्या आधी आठवडाभराचं शिल्लक ठेवा. रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल जोरदार आहेत, पण भूक आणि वजन वाढवतात : सुरू करायच्या दिवशीच वजन आणि कंबर मोजून वहीत लिहा, मग दर महिन्याला. ऑटिझममध्ये हीच दोन औषधं फक्त टोकाच्या चिडचिडीसाठी देतात. बोलणं आणणारं औषध नाही.

लशीमुळे ऑटिझम होतो हे सांगणारा १९९८ चा लेख २०१० मध्ये मासिकानंच मागे घेतला. मूळपेशी, जास्त दाबाचा ऑक्सिजन, शरीरातले धातू काढणं यांची बिलं लाखांत जातात आणि पुरावा काही नाही. धातू काढण्याच्या औषधांनी जीव गेलेले आहेत. 'तीन महिन्यांत नॉर्मल' असं जिथे लिहिलेलं असेल तिथून परत फिरा.

कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. टुरेट नावानं नाही. बरोबर ओसीडी किंवा अध्ययन अक्षमता असेल तर त्या नावाखाली दाखला मिळू शकतो. ऑटिझमसाठी इसा नावाचं ४० प्रश्नांचं भारतीय मोजमाप वापरतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० आणि त्यापुढे ऑटिझम धरतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, ओळखपत्र युडीआयडी. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, हे तीन रस्ते उघडतात. दाखल्याच्या दिवशी तपासणी सकाळी लवकरची मागून घ्या, मुलाचा खाऊ आणि हेडफोन बरोबर न्या, आणि ती दोन आठवड्यांची वही व व्हिडिओ विसरू नका. मूल त्या दिवशी शांत बसलं तर कमी टक्के लिहिले जातात, आणि फेरतपासणीला पुन्हा सगळी रांग.